वालावलकर मॅडमचा सर्व्हर

वालावलकर मॅडमना चहा द्यायचा तर दोन कप आणावे लागत. एक त्यांचा आणि एक आणणाऱ्याचा. कोणता कोणाचा हे मात्र त्या ठरवत. कॅन्टीनचा माणूस ट्रे पुढे करी, मॅडम दोन्ही कपांकडे नीट बघत आणि त्यांच्यासाठी म्हणून जो पुढे सरकवलेला असे तो सोडून दुसरा उचलत. मग त्याने आपला कप तोंडाला लावेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत. त्यांच्यावर कोणी विषप्रयोग करील अशी त्यांना भीती होती, असं कोणी समजू नये. मी एकदा विचारलंच तेव्हा म्हणाल्या, "विष कशाला घालतील, निमकर? सकाळचा उरलेला चहा गरम करून देतात. मला उरलेला मिळणार असेल तर त्यालाही उरलेलाच प्यायला लागला पाहिजे."

वसईतल्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवत आणि मी ग्रंथपाल होतो. ठेंगणी चण, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स आणि पर्सच्या चेनला पितळेचं इवलंसं कुलूप. असं कुलूप मी दुसऱ्या कुठल्या पर्सला कधी पाहिलं नाही. राहायला विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एकट्याच. मूळ गाव कोकणातलं, एवढंच आम्हाला माहीत. नक्की कुठलं ते विचारलं की "कशाला हवंय?" असा उलटा प्रश्न येई आणि विचारणाऱ्यालाच आपण कशाला विचारलं असा संभ्रम पडे.

त्यांच्या संशयाला लहानथोर कळत नसे. उद्या सुट्टी असल्याची नोटीस वर्गात आली तर सगळं कॉलेज आनंदाने दप्तर आवरी आणि मॅडम कार्यालयात जाऊन नोटिशीवरची सही प्राचार्यांचीच आहे का ते बघून येत. ग्रंथालयात पाऊल टाकलं की आधी भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटाशी ताडून पाहत आणि मग माझ्याकडे पाहत. घड्याळ दोन मिनिटं मागे असेल तर ते मीच मागे केलं असणार, असा त्या नजरेचा अर्थ असे.

या संशयाचा सगळ्यात मोठा वाटा म्हात्र्यांना मिळे. म्हात्रे म्हणजे आमचे कार्यालय अधीक्षक. नायगावचे, खाडीकाठच्या शेतकरी घरातले, अंगाने दणकट आणि बोलायला मोकळेढाकळे. कॉलेजची सगळी कपाटं त्यांच्या ताब्यात, त्यामुळे कॉलेजातून जे जे कमी होई त्याचा जाब मॅडम त्यांनाच विचारत.

"म्हात्रे, खडूचा खोका सोमवारी उघडला. आज तळ दिसतोय. या कॉलेजात खडू खातं कोण?"

"म्याडम, मी तंबाखू खातो. खडू नाय खात."

"तंबाखूबद्दल मी विचारलेलं नाही."

म्हात्रे मग माझ्याकडे येऊन बसत आणि म्हणत, "निमकर, या बाईला गनितानं असं केलंय. सिद्द केल्याबिगर काय मानायचंच नाय, तर मानूस दुसरं काय होनार?" मला हे पटत असे. पण मॅडमना स्वतःबद्दल असं अजिबात वाटत नसे. त्या म्हणत, "मी माणसांवर संशय घेत नाही हो. माणसं चांगलीच असतात. दारं उघडी राहतात, तो दोष आहे." एवढं म्हणून त्या पर्सचं कुलूप ओढून बघत.

मॅडमनी कॉलेजात स्वतःच्या हाताने उभी केलेली एकच गोष्ट होती, संगणक कक्ष. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. ती खोली त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून मागून घेतली, चुना मारून घेतला, वायरमनच्या डोक्यावर उभं राहून वायरिंग करून घेतलं आणि कुठून कुठून देणगी म्हणून मिळालेले जुने कॉम्प्युटर आणून ओळीने मांडले. गणिताचा तास संपला की त्या तिथे असत. मुलं शिकत, मॅडम मुलांच्या मागे फेऱ्या घालत. त्या खोलीत त्या जरा कमी संशयी वाटत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आपलं घर असल्यासारख्या त्या तिथे वावरत.

तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा कॉलेजच घेई आणि निकालही कॉलेजच लावी. गुण कार्यालयातल्या एका कॉम्प्युटरवर भरलेले असत. एका वर्षी ऐन निकालाच्या तोंडावर त्यात व्हायरस शिरला आणि सगळे गुण गेले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुन्हा सोडून आम्ही सगळे गुण भरत बसलो. निकाल रखडला, पालक फाटकाशी येऊन ओरडून गेले. मग संस्थेने ठरवलं की आता सर्व्हर घ्यायचा. म्हणजे सगळे गुण, सगळे प्रवेश एका दणकट यंत्रात ठेवायचे आणि बाकीच्या यंत्रांनी जे हवं ते त्याच्याकडून मागून घ्यायचं.

एका विश्वस्तांच्या ओळखीचा पुरवठादार लगोलग हजर झाला. त्याची बैठक ग्रंथालयात झाली, कारण कॉलेजातला धड चालणारा पंखा माझ्याकडेच होता. माणूस गोड बोलायचा. यंत्र देतो, गुणांचा प्रोग्राम देतो, बिघडलं तर तासाभरात माणूस पाठवतो, शंभर टक्के हमी. मॅडमनी त्याचं सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालणार?"

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राला उठवून कामाला लावणारी मूळ व्यवस्था, हे मला त्या दिवशी कळलं. पुरवठादाराने एका मोठ्या परदेशी कंपनीचं नाव घेतलं.

"विकत घेतलेली?"

"मॅडम, सगळ्या ऑफिसांत आम्ही हीच टाकून देतो. कॉपी एकदम ओरिजिनलसारखी चालते."

"म्हणजे चोरीची."

"फार मोठा शब्द झाला, मॅडम."

"बरं. आणि पासवर्ड कोणाकडे राहणार?"

"आमच्याकडेच ठेवतो ना. तुम्हाला कशाला त्रास?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत, निमकर? चोरीचं कुलूप लावून मुलांचे गुण सांभाळायचे, आणि किल्ली चोरणाऱ्याच्या खिशात." पुरवठादार हसला. मॅडम हसल्या नाहीत. बैठक संपली.

प्राचार्य सज्जन होते, पण विश्वस्तांपुढे त्यांचं फारसं चालत नसे. त्यांनी मॅडमना बोलावून सरळ सांगितलं. अस्सल ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेणं संस्थेला झेपणार नाही. दुसरा मार्ग असेल तर मॅडमनी शोधावा. मात्र निकाल वेळेवर लागला पाहिजे. पुन्हा रखडला तर संगणक कक्ष चालवायला त्या पुरवठादाराकडे जाईल, विश्वस्तांच्या मनात ते पक्कं आहे. मॅडम "ठीक आहे" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

इथे माझा प्रवेश होतो, आणि त्यात माझी कर्तबगारी काही नाही. ग्रंथालयात कॉम्प्युटरचं एक मासिक येई आणि त्याच्या आतल्या पुठ्ठ्याला सीडी चिकटवलेली असे. त्या महिन्याच्या सीडीवर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. मी ती मॅडमपुढे ठेवली.

"किंमत?"

"फुकट आहे."

"का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी मासिकात वाचलेलं सांगितलं, की जगभरची माणसं मिळून ही लिहितात, आतलं सगळं कोणालाही उघडून वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देताही येतं.

"आणि पोटाला काय खातात?"

ते मासिकात नव्हतं. मॅडमनी सीडी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

दोन-तीन दिवसांनी त्या आल्या त्या हातात छापलेले कागद घेऊनच. सीडीबरोबरचा परवाना होता तो. "हे वाचलंत?"

"हे कोणीच वाचत नाही, मॅडम."

"म्हणूनच मी वाचलं." त्यांनी एका जागी बोट ठेवलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही वस्तू नीट चालेल याची कसलीही हमी आम्ही देत नाही, आणि हिच्यामुळे तुमचं काही नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही.

"मग नकोच ही," मी म्हटलं.

मॅडमचा चेहरा इतका खुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "उलट. तो पुरवठादार शंभर टक्के हमी देत होता. माझा गॅसवाला हमी देतो, रंगारी हमी देतो, बिल्डरने तर छापील हमी दिली होती आणि पहिल्याच पावसात भिंत गळली. देताना तोंडावर 'हमी नाही' म्हणणारा मला आयुष्यात पहिल्यांदा भेटतोय. हा खोटं बोलत नाही."

मला वाटलं, ठरलं. पण त्या लगेच पुढे म्हणाल्या, "याचा अर्थ तो बरोबर आहे असा नाही. उघडं आहे म्हणतात. आमच्या जिन्यातलं विजेच्या मीटरचं कपाटही उघडंच असतं. आत बघतं कोण?"

तेव्हा कळलं की लिनक्स म्हणजे एकच वस्तू नाही. मूळ तेच, पण निरनिराळ्या मंडळींनी त्याची आपापली मांडणी केलेली. मासिकाबरोबर दर थोड्या दिवसांनी त्यातली एखादी येई. मॅडमनी तीन निवडल्या आणि कक्षातल्या तीन जुन्या यंत्रांवर घातल्या. त्यांची परदेशी नावं त्यांना मान्य नव्हती. नावावरून माणसाला आधीच बरं किंवा वाईट वाटायला लागतं, म्हणून त्यांनी थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली. धाकटी नुकतीच बाजारात आलेली आणि दिसायला देखणी. मधली बसवायला सगळ्यात सोपी. थोरली जुनाट, निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि तिची मंडळीही अशी, की इतरांनी भरपूर वापरून झाल्याशिवाय नवीन काही आत घेतच नसत.

आम्ही सगळे धाकटीच्या बाजूने होतो. मॅडम मात्र तिन्ही यंत्रांसमोर आळीपाळीने बसत.

त्याच सुमारास कसल्याशा कागदावर सही घ्यायला मी त्यांच्या मनवेलपाड्याच्या घरी गेलो. तेव्हा तिकडे पाणी टँकरने येई. स्वयंपाकघरात तीन पिंपं होती, आणि तिन्हींवर चिठ्ठ्या: आज, काल, परवा. मला पाणी दिलं ते परवाच्या पिंपातलं. मी आजच्यात डोकावलो. पाणी लख्ख दिसत होतं.

"दिसणारच," मॅडम म्हणाल्या. "आल्या दिवशी सगळंच लख्ख दिसतं. दोन दिवस हलवू नये. मग गाळ बसतो आणि कळतं, टँकरमध्ये काय होतं ते." मग पिंपावर झाकण ठेवून म्हणाल्या, "म्हणून धाकटी बाद."

"आणि मधली?"

"मधलीने मला काहीसुद्धा विचारलं नाही. आपलं आपण सगळं घालून मोकळी. कोणती दारं उघडी ठेवली तेही सांगितलं नाही. थोरलीने हैराण केलं मला. हे हवंय का, ते हवंय का, नक्की का. विचारणारी बरी. विचारते म्हणजे तिलाही खात्री नाही."

थोरली ठरली. आता मासिकातली सीडी खरी कशावरून, हा प्रश्न उरला.

थोरलीच्या मंडळींनी त्याची सोय केलेली होती. सीडीवरच्या सगळ्या मजकुराचा हिशेब करून आकड्या-अक्षरांची एक लांब माळ तयार होते. आत एक टिंब जरी कोणी बदललं तरी माळ बदलते. खरी माळ ते इंटरनेटवर लावून ठेवत. आपल्या सीडीची माळ काढायची आणि ताडून बघायची. दुसऱ्या कोणी विरारच्या एका सायबर कॅफेत जाऊन हे काम उरकलं असतं. मॅडमना तो कॅफेवाला पसंत नव्हता. इंटरनेट म्हणून तो आपल्याला नक्की काय दाखवतो, हे कोण बघायला गेलंय, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ठरलं ते असं, की एकाच दिवशी मी वसईतल्या कॅफेत जायचं, म्हात्र्यांनी नायगावच्या, आणि मॅडम विरारच्या. तिघांनी ती माळ उतरवून आणायची आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही.

"म्याडम, मी त्या इंटरनेटचा तोंड बी बगलेला नाय," म्हात्रे म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला पाठवतेय."

दुसऱ्या दिवशी गणित विभागात आमची एकेकाची हजेरी झाली. एक आत असताना दुसऱ्याने व्हरांड्यात उभं राहायचं. म्हात्र्यांनी नायगावच्या कॅफेवाल्याकडून ती माळ पानाच्या दुकानातल्या कागदावर लिहून आणली होती, आणि प्रत्येक अक्षर ते हजेरी घेतल्यासारखं खड्या आवाजात वाचत होते. तिन्ही माळा जुळल्या. मॅडमनी आपल्या सीडीवरून काढलेलीही तीच. "जुळलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला होता.

संस्थेने नुसतं यंत्र तेवढं विकत घेतलं. त्या सर्व्हरवर थोरली बसवायला मॅडमना अख्खी दुपार लागली. ती प्रश्न विचारी, मॅडम प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत आणि बहुतेकांना 'नाही' म्हणत. म्हात्रे दारातून बघत होते. म्हणाले, "म्याडम, हा मशीन तर तुमच्यासारकाच हाय. नुसता इचारत बसतो." म्हात्र्यांच्या बोलण्यावर मॅडम हसलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

वर्षभर सर्व्हर बिनतक्रार चालला. त्याचा मुख्य पासवर्ड एकट्या मॅडमना ठाऊक होता. प्राचार्यांनी मागितला, मिळाला नाही. विश्वस्तांनी मागितला, त्यांना "बघते" असं उत्तर मिळालं. परीक्षा झाल्या, गुण भरून झाले, आता फक्त निकाल छापायचा बाकी, आणि मॅडमना कावीळ झाली.

दोन दिवस पाणी बसवून पिणाऱ्या बाईला कावीळ व्हावी याचं सगळ्यांना नवल वाटलं. मॅडमना वाटलं नाही. प्राचार्यांच्या सत्काराला सरबत होतं, त्यातला बर्फ कुठून आणला होता हे कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही त्या दिवशी भिडेखातर पेला घेतला होता. त्यांना विरारच्या एका दवाखान्यात ठेवलं. इकडे पुरवठादार विश्वस्तांबरोबर प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन बसला. मशीन मी उघडून देतो म्हणाला, पण मग पुढचं सगळं माझ्या पद्धतीने. प्राचार्यांनी शनिवारपर्यंत वेळ मागून घेतला. शनिवारी निकाल लागला नाही तर सोमवारी कक्षाची चावी त्याला द्यायची, असं विश्वस्तांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

गुरुवारी मॅडमचा निरोप आला म्हणून मी दवाखान्यात गेलो. पिवळ्याधमक झाल्या होत्या. उशाशी सलाइनची बाटली, तिच्यावरचं लेबल वाचता येईल अशा बेताने वळवून घेतलेली. त्यांनी परिचारिका बाहेर जाईपर्यंत वाट बघितली.

"निमकर, पासवर्डचा अर्धा भाग तुम्हाला देते. घ्याल?"

"घेईन की," मी म्हटलं.

"अर्धा म्हात्र्यांकडे आहे. आधी ते टाइप करतील, मग तुम्ही. क्रम चुकवू नका. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. एंटर तुमच्याकडे." मग अर्थ नसलेली काही अक्षरं त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली, सुलटी आणि उलटी. मी निघताना म्हणाल्या, "म्हात्र्यांवर लक्ष ठेवा. त्यांचा भाचा पहिल्या वर्षाला आहे."

खरं सांगतो, परतताना मला छाती फुगल्यासारखी वाटत होती. ज्या बाई चहाच्या कपावर विश्वास ठेवत नाहीत त्यांनी माझ्यावर ठेवला होता. म्हात्र्यांकडे अर्धा दिला तो नाइलाजाने, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मी, असा सरळ अर्थ होता. एंटरसुद्धा माझ्याकडे होतं.

शुक्रवारी सकाळी विश्वस्तांनी मला बाजूला घेतलं आणि पासवर्ड विचारला. "माझ्याकडे अर्धाच आहे," मी म्हणालो, "आणि तोही सांगणार नाही." मला वाटतं माझा आवाज जरा चढला असावा, कारण व्हरांड्यातली मुलं वळून बघायला लागली. विश्वस्तांनी मग म्हात्र्यांना गाठलं. म्हात्र्यांनी हात जोडले आणि सांगितलं, "साहेब, अर्दा घेऊन तुमी काय करनार?"

आम्ही दोघं संगणक कक्षात गेलो. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हात्रे एका बोटाने टाइप करत होते, प्रत्येक अक्षराआधी एक सुस्कारा ऐकू येत होता. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मी बसलो. शेवटचं अक्षर झाल्यावर मी मुद्दाम जरा थांबलो आणि एंटर दाबलं. मशीन उघडलं. मॅडमनी सांगितल्या होत्या त्या ओळी आम्ही टाइप केल्या आणि प्रिंटर सुरू झाला. शनिवारी निकाल फलकावर लागला. पुरवठादार सोमवारी आलाच नाही.

निकालाच्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये म्हात्रे म्हणाले, "निमकर, रागावू नका, पन एक सांगू? म्याडम मना बोलल्या व्हत्या, निमकरांवर लक्ष ठेवा. त्यांचा पुतन्या दुसऱ्या वर्षाला हाय." आम्ही दोघंही खूप हसलो. तरी मनातून माझी खात्री होती, की म्हात्र्यांना ते आपलं उगाच सांगितलं असणार.

मॅडम बऱ्या होऊन आल्या आणि कक्षात जाऊन त्यांनी पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलण्याचं. आभार वगैरे मानले नाहीत. पुढची काही वर्षं निकाल वेळेवर लागत गेले आणि निवृत्तीपर्यंत कक्ष त्यांच्याकडेच राहिला. शेवटच्या दिवशी त्यांनी पासवर्ड प्राचार्यांना दिला, तो म्हात्र्यांच्या आणि माझ्या देखत. प्राचार्यांनी तो तिथल्या तिथे बदलला आहे याची खात्री करूनच त्या फाटकाबाहेर पडल्या.

नंतर जुना सर्व्हर मोडीत काढायची वेळ आली. कक्षाचे नवे प्राध्यापक त्यातले गुण नव्या यंत्रात हलवत होते. ग्रंथालयात वर्तमानपत्र चाळताना ते सहज म्हणाले, "निमकर सर, गंमत आहे त्या मशीनची. पासवर्ड कितीही लांब टाका, ते पहिली आठच अक्षरं वाचतं. पुढे काहीही टाका, उघडतं. बसवताना विचारतं, लांब पासवर्ड वाचायची सोय हवी का म्हणून. मॅडमनी 'नाही' म्हटलेलं दिसतंय."

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून."

माझा अर्धा भाग दुसरा होता. पहिला म्हात्र्यांचा. त्यांचे सुस्कारे मला अजून आठवत होते, आणि ते नक्कीच आठाहून कमी नव्हते. म्हणजे मी जे पाठ केलं, सुलटं आणि उलटं, जे विश्वस्तांना सांगितलं नाही, त्यातलं एक अक्षरही मशीनने वाचलं नव्हतं. माझ्याकडून घेतलं ते फक्त एंटर.

पुढच्याच रविवारी मी मनवेलपाड्याला गेलो. मॅडमनी दार उघडलं, साखळीच्या फटीतून मला नीट ओळखून घेतलं आणि आत घेतलं. केस पांढरे झाले होते, पण नजर तीच. मी आढेवेढे न घेता विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "त्या प्रश्नाला मीच 'नाही' म्हटलं होतं. मला ठाऊक होतंच."

"म्हणजे पूर्ण पासवर्ड म्हात्र्यांकडे होता."

"होता."

"ज्यांना तुम्ही रोज खडूबद्दल बोलत होतात, त्यांच्याकडे."

"खडू ते नेतच होते, निमकर. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही."

"मग त्यांना का? मला का नाही?"

"त्यांना विचारलं तेव्हा ते नको म्हणाले. 'म्याडम, मना या भानगडीत घेऊ नका,' म्हणाले. दोनदा, तीनदा. शेवटी मी रागावले तेव्हा घेतला. तुम्हाला विचारलं तर तुम्ही चटकन हो म्हणालात. तुमचा चेहरा खुलला होता. किल्ली हातात आली की ज्याला बरं वाटतं, त्याला मला किल्ली देववत नाही."

"मग मला बोलावलंत तरी कशाला?"

"म्हात्रे एकटे गेले असते तर विश्वस्तांनी दोन मिनिटांत त्यांच्याकडून काढून घेतला असता. नोकरीचा प्रश्न, ते काय करणार? अर्धा तुमच्याकडे आहे म्हटल्यावर त्यांना विचारून उपयोग नव्हता. आणि तुम्ही तो सांगणार नाही, ही माझी खात्री होती. त्या खोलीसाठी मला तुम्ही दोघंही हवे होतात."

मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी, असल्या गोष्टीचं, पण वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. मॅडम म्हणाल्या, "रागावलात."

"हो."

"रागवा. पण म्हात्र्यांना सांगू नका. त्यांना कळलं की सगळा भार आपल्यावर होता, तर या वयात ते भांडायला येतील माझ्याशी." त्या उठल्या आणि मला परवाच्या पिंपातलं पाणी दिलं. मी प्यालो. पेला ठेवून मी निघालो.

खाली उतरून कोपऱ्यापर्यंत आलो आणि मागे वळून पाहिलं. मॅडम गॅलरीत उभ्या होत्या. निरोप द्यायला, की मी खरोखरच गेलो याची खात्री करायला, ते त्यांनाच माहीत. मी हात केला. त्यांनी केला नाही. पण मी वळणापलीकडे जाईपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.